ट्रंकेतला कागद बाहेर काढा



मागल्या महिन्यात लिंबागणेशला कपाशीत कामगंध सापळे लावून दाखवायला गेलो होतो. काम आटोपल्यावर एका माजी सैनिकाच्या ओसरीवर चहाला बसलो. गडी तोफखान्यातला. काही विचारले की डावा कान पुढे करी. वहिनी म्हणाल्या, "साहेब, जरा मोठ्यानं बोला. तोफांनी कान नेले त्यांचे."

मी सहज विचारले, मग अपंगत्वाची पेन्शन मिळते ना? त्यांनी लोखंडी ट्रंक उघडून 2012 सालचे इंग्रजी पत्र हाती दिले. बहिरेपण 20 टक्के. पण ते सेवेमुळे आलेले नाही आणि सेवेमुळे वाढलेलेही नाही, सबब अर्ज नामंजूर. शेवटच्या ओळीत सहा महिन्यांत अपील करता येईल, असे होते. ती ओळ त्या घरात कुणी वाचलीच नव्हती.

"सरकारनं नाही म्हटलं, संपलं," ते म्हणाले. असे कसे संपले? पंचनाम्यात 'नुकसान नाही' लिहिले तर आपण तहसील गाठतोच की!

या कामाची खरी मेख टक्क्यांत नाही, कारणात आहे. भरती होताना जवान धडधाकट होता, तसा शेरा नसेल तर नंतरचा आजार सेवेतलाच धरावा आणि तसे नाही हे सरकारने दाखवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात सांगितले. पुढे 2014 मध्ये राम अवतार यांच्या निकालात मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही टक्के वाढवून धरण्याचा लाभ मिळाला. 50 च्या आतले अपंगत्व 50 धरायचे. हिशेब पाहा. 100 टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के मिळतात. वेतन 40,000 असेल तर 12,000. मग 20 टक्क्यांना 2,400, पण ते 50 धरले की महिना 6,000. एका बैलजोडीच्या वैरणीची काळजी मिटते. (सप्टेंबर 2023 नंतर सुटलेल्यांना नवे नियम आहेत, त्यांनी वेगळी चौकशी करावी.)

उशीर मात्र महागात पडतो. तरसेम सिंग 1983 ला सैन्यातून सुटले आणि 1999 ला कोर्टात गेले. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना थकबाकी दिली ती दावा लावण्याआधीच्या तीनच वर्षांची. मधली सगळी वर्षे गेली.

तेव्हा नामंजुरीचे पत्र, डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि सुटतानाच्या मेडिकल बोर्डाची प्रत एकत्र करा. बोर्डाची प्रत नसेल तर माहितीच्या अधिकारात मागा. कुठे, किती वर्षे, कोणत्या तोफेवर किंवा कोणत्या बर्फात होतो, हे आठवून कागदावर उतरवा. अपिलात तेच कामी येते. हे सगळे घेऊन बीडच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. मुदत टळली असेल तर उशिराचे कारण लिहा. दोन्ही अपिले फेटाळली तर मुंबईला सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे खंडपीठ आहे. पत्नीचे नाव, जन्मतारीख सैन्याच्या दप्तरी बरोबर आहे ना, हेही त्याच फेरीत पाहा. सातबाऱ्यावरच्या वारसनोंदीइतकेच ते महत्त्वाचे.

माझे स्वतःचे म्हणणे असे की, नामंजुरीचे पत्र जवानाच्या भाषेत यावे आणि अपिलाची ओळ ठळक असावी. आम्ही फवारणीचे पत्रक मराठीत छापतो, मग ज्याने कान दिले त्याला इंग्रजी का? आणि गावात शिबिर घ्यावे. साठीतल्या माणसाला वारंवार बीडला बोलावू नये.

त्या गृहस्थांची पुतणी बारावीला आहे. तिने सारे कागद तारीखवार लावले, मी अर्ज वाचून दिला, आणि गेल्या सोमवारी अपील रवाना झाले. पुढच्या अंकात गुलाबी बोंडअळीकडे वळू.