तान्ह्याचा न्यूमोनिया श्वास मोजून ओळखा

रायपूर आणि भिलाई यांच्यामध्ये, महामार्गालगत असलेल्या कुम्हारीतील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. थंडीचे दिवस आहेत. साठी उलटलेल्या आजोबांना ताप आहे, छातीत दुखते, कफ पडतो. सारे घर त्यांच्या एक्स-रेच्या धावपळीत आहे. पाळण्यातल्या पाच महिन्यांच्या नातीला ताप नाही, खोकलाही फारसा नाही. ती दूध ओढेनाशी झाली आहे आणि तिचे पोट भराभर वरखाली होत आहे. ‘सर्दी आहे, उतरेल’ असे म्हणून तिला खोकल्याचे औषध चमचाभर पाजले जाते.

आजोबांसाठीची धावपळ योग्यच आहे. घात होतो तो नातीचा. आणि त्याचा दोष त्या घरापेक्षा अधिक त्या आरोग्यशिक्षणाचा आहे, ज्याने न्यूमोनिया म्हणजे ताप, खोकला आणि कफ एवढेच समाजाला शिकवले.

तान्हे बाळ ही प्रौढाची छोटी प्रतिकृती नसते. नळीतून संथपणे वाहणाऱ्या हवेला होणारा अवरोध नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. ४ मिलिमीटर व्यासाच्या नळीला आतून सर्व बाजूंनी १ मिलिमीटर सूज आली, तर अवरोध १६ पट होतो. ८ मिलिमीटरच्या नळीत तेवढ्याच सुजेने तो सुमारे तिप्पट होतो. प्रौढ माणूस बरगड्या उचलून खोल श्वास घेऊ शकतो. बाळाच्या बरगड्या जवळजवळ आडव्या आणि लवचिक असल्याने श्वास फारसा खोल होत नाही. मग श्वासांची संख्या वाढते. शिवाय वजनाच्या मानाने बाळाची प्राणवायूची गरज प्रौढाच्या सुमारे दुप्पट असते, म्हणून ते लवकर थकते. नवजात बाळाला तर ताप येण्याऐवजी त्याचे अंग गारही पडू शकते.

यातूनच निदानाची सर्वांत सोपी खूण मिळते. बाळ शांत असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळात ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास, हे जागतिक आरोग्य संघटनेचे धोक्याचे निकष आहेत. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे हीही खूणच. दूध सोडणे, ग्लानी किंवा ओठांवर निळसरपणा दिसला, तर रुग्णालय गाठण्यात क्षणाचाही विलंब नको. दोन महिन्यांखालील बाळाच्या बाबतीत तर केवळ श्वासांचा वाढलेला वेगही त्यासाठी पुरेसा आहे.

‘एक्स-रेविना निदान कसले?’ असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याचे उत्तर छत्तीसगडला लागून असलेल्या गडचिरोलीने दिले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तेथे गावातील आरोग्यसेवक आणि सुईणी यांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखण्याचे आणि प्रतिजैविक देण्याचे प्रशिक्षण दिले. मोठे आकडे मोजता न येणाऱ्या सुईणींसाठी वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले श्वासमापक बनवले. या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोगाच्या ५८ गावांत पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू ८.१ होते, तर तुलनेच्या ४४ गावांत १७.५.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: अशाने प्रतिजैविकांचा अतिरेक होईल. वेगवान श्वासामागे विषाणू किंवा दमा असू शकतो, हे खरेच. परंतु मोजणीमुळे प्रतिजैविकाला लगामही बसतो, कारण श्वास संथ असलेल्या साध्या खोकल्याला ते देऊच नये असे हीच पद्धत सांगते. अतिरेक होतो तो न मोजता अंदाजाने औषध देण्याने. मोजणीऐवजी बाटलीवर विसंबण्याची किंमत २०२५ साली छिंदवाड्याने मोजली. खोकल्याच्या औषधातील डायइथिलीन ग्लायकॉल या विषाने तेथे अनेक बालके दगावली. त्यानंतर केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, असे स्पष्ट बजावले. शुद्ध औषधानेही त्या वयात न्यूमोनिया बरा होत नाही. केवळ वेळ वाया जातो.

लसीतही हाच भेद आहे. न्यूमोकोकस जिवाणूच्या केवळ शर्करा-आवरणापासून बनवलेली, प्रौढांना उपयोगी पडणारी लस दोन वर्षांखालील मुलांत पुरेशी प्रतिकारशक्ती जागवत नाही. ते आवरण प्रथिनाशी जोडावे लागते. अशी संयुग्मित लस भारताच्या लसीकरण कार्यक्रमात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर पोहोचली. ती सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने या वयांत मोफत मिळते.

विज्ञानाने आपले काम केले आहे. अडले आहे ते उंबरठ्याबाहेर. छत्तीसगडमध्ये २००२ पासून मितानीन आहेत, देशभर आशा आहेत. त्यांच्या हाती वेळमापक आणि औषध अखंड असणे ही शासनाची जबाबदारी आहे. प्रसूतीनंतर घरी निघालेल्या प्रत्येक मातेला ६०, ५० आणि ४० हे तीन आकडे शिकवूनच निरोप द्यायला हवा. वृत्तपत्रांनी थंडीतील आजारांच्या बातमीत हे आकडे छापावेत. कुम्हारीतल्या त्या नातीचे श्वास मोजायला एक मिनिट आणि एक घड्याळ पुरते. तेवढेही न देणाऱ्या व्यवस्थेला साधनांच्या अभावाची सबब सांगता येणार नाही.