घरच्या सोन्याची उसनवारी

पश्चिम आफ्रिकेतील परंपरागत राज्यांच्या ‘सांस्कृतिक वारसा सहली’ आता पर्यटनाच्या बाजारात चांगल्या किमतीला विकल्या जातात. घानातील अक्रा येथे विमानातून उतरावे, केप कोस्ट आणि एल्मिना येथे गुलामांना डांबून ठेवणाऱ्या किल्ल्यांची तळघरे पाहावीत, तेथून कुमासीस जाऊन असांते राजाचा दरबार पाहावा, मग टोगो ओलांडून बेनिन देशातील अबोमेच्या राजवाड्यांत हिंडावे आणि विदाच्या समुद्रकाठी प्रवासाची सांगता करावी, असा त्यांचा साधारण क्रम असतो. अशा सहलींना नाके मुरडण्याचे कारण नाही. आफ्रिका म्हणजे जंगल आणि दुष्काळ एवढेच समजणाऱ्यांचे डोळे त्यामुळे उघडत असतील, तर ते स्वागतार्हच आहे. तथापि या प्रवाशाला जे दाखवले जाते त्याची मालकी कोणाकडे आहे आणि त्याने मोजलेला पैसा अखेर कोणाच्या पदरात पडतो, हे दोन प्रश्न सहलीच्या रंगीत माहितीपत्रकात कोठेही आढळत नाहीत. ते विचारल्यावाचून वारशाची गोष्ट पुरी होत नाही.

कुमासीचेच उदाहरण घ्यावे. इंग्रजी इतिहासग्रंथांतून ‘अशांटी’ या नावाने परिचित असलेले हे राज्य आजही नांदते आहे. १९९९ पासून गादीवर असलेले ओसेई तुतू दुसरे हे दर सहा आठवड्यांनी येणाऱ्या ‘अक्वासिदाए’ या सणाला मानहिया राजवाड्यात दरबार भरवतात. सोन्याने मढलेले सरदार, मोठमोठ्या छत्र्या आणि नगाऱ्यांचा गजर हा प्रवाशाच्या दृष्टीने ‘कार्यक्रम’ असतो. असांते प्रजेच्या दृष्टीने तो राज्यकारभाराचा आणि पूर्वजांच्या स्मरणाचा दिवस असतो. १९७१ साली सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे बंद झाल्यानंतर आपल्याकडे ‘राजा’ हा शब्द बहुतांशी स्मरणरंजनापुरता उरला. घानात तसे झाले नाही. १९९२ च्या राज्यघटनेने परंपरागत प्रमुखांच्या संस्थेला संरक्षण दिले आणि राजगादीच्या जमिनींचे उत्पन्न कसे वाटावे, हेही लिहून ठेवले. व्यवस्थापनासाठी १० टक्के वजा केल्यावर जे उरते, त्यातील २५ टक्के गादीला, २० टक्के परंपरागत सत्तेला आणि ५५ टक्के स्थानिक जिल्हा सभेला मिळतात. जमिनीच्या उत्पन्नात जिचा कायदेशीर वाटा आहे अशी ही जिवंत संस्था आहे. तिला केवळ शोभेची वस्तू समजणे हे अज्ञान होय.

अशा या जिवंत गादीचे सोने मात्र तिच्या घरी नाही. १८७४ च्या फेब्रुवारीत सर गार्नेट वुल्सली यांच्या फौजेने कुमासीत शिरून राजा कोफी कारिकारी याचा राजवाडा लुटला, सुरुंग लावून उडवला आणि शहराला आग लावली. एवढ्याने भागले नाही. त्यानंतरच्या तहाने असांतेंवर ५०,००० औंस सोन्याची खंडणी लादण्यात आली. ज्याला लुटले त्याच्याकडूनच लुटीचा खर्च वसूल करण्याचा हा व्यवहार साम्राज्यशाहीच्या अर्थशास्त्राचा उत्तम नमुना म्हणावा लागेल. लुटीतील काही दागिने लंडनच्या एका नामांकित जवाहिऱ्यामार्फत तेथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात पोहोचले. १८९६ मध्ये राजा प्रेम्पे याला पकडून पुढे सेशेल्स बेटांवर धाडण्यात आले. १९०० साली इंग्रज गव्हर्नराने असांतेंचे पवित्र ‘सुवर्णासन’च मागितले, तेव्हा या असांतेवा या राजमातेने युद्धाचे नेतृत्व केले. राज्य गेले, परंतु सुवर्णासन इंग्रजांच्या हाती लागले नाही.

दीडशे वर्षांनंतर, २०२४ मध्ये, त्या लुटीतील काही वस्तू कुमासीस पुन्हा दिसल्या. राज्यशपथेची तलवार, सोन्याची चिलीम, राजाच्या आत्मशुद्धीचा विधी करणाऱ्या सेवकांची सुवर्णपदके अशा ३२ वस्तू ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या दोन संग्रहालयांनी मानहिया राजवाड्याच्या संग्रहालयाकडे पाठवल्या. लोकांचे डोळे पाणावले असल्यास नवल नाही. मात्र करारातील शब्द ‘परत’ असा नव्हता. ‘उसनवार’ असा होता. मुदत तीन वर्षांची, फार तर आणखी तीन वर्षे वाढवून मिळण्याची. म्हणजे ज्याच्या घरातून ऐवज गेला, त्यानेच तो मुदतीने मागून आणायचा आणि नीट सांभाळून माघारी धाडायचा! यासाठी पुढे केले जाणारे कारण कायद्याचे आहे. ब्रिटिश म्युझियमला १९६३ च्या आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्टला १९८३ च्या कायद्याने आपल्या संग्रहातील वस्तू देऊन टाकण्यास जवळजवळ मनाई आहे. परंतु कायदा हा काही निसर्गनियम नव्हे. जी संसद तो करते, तिला तो बदलताही येतो.

इच्छा असली की मार्ग सापडतो, हे इतरांनी दाखवून दिले आहे. त्याच २०२४ च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या फाउलर संग्रहालयाने असांते राजघराण्याच्या सात वस्तू कोणतीही अट न घालता कायमच्या परत केल्या. फ्रान्सने डिसेंबर २०२० मध्ये खास कायदा केला आणि १८९२ च्या स्वारीत दाहोमे राज्याच्या अबोमे या राजधानीतून नेलेल्या २६ वस्तू नोव्हेंबर २०२१ मध्ये बेनिनला सुपूर्द केल्या. त्यांत राजांच्या लाकडी प्रतिमा होत्या, सिंहासने होती, राजवाड्याचे दरवाजेही होते. १९८५ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळालेले अबोमेचे राजवाडे पाहणाऱ्याला ज्या रिकामेपणाची जाणीव होते, तो रिकामेपणा भरून काढण्याची ही सुरुवात आहे.

येथे भावनेइतकाच अर्थकारणाचाही प्रश्न आहे. वारशाची वस्तू हे एक भांडवल आहे. ती जेथे असते, तेथे माणसे येतात आणि पैसा खर्च करतात. लंडनची ही दोन्ही संग्रहालये पाहण्यास सामान्यतः तिकीट पडत नाही, हे खरे. पण त्यांच्या ओढीने येणारा प्रवासी हॉटेल, खाणावळ आणि वाहतूक यांवर जे मोजतो, ते लंडनच्या खात्यात जमा होते. उलट आफ्रिकेची सहल करणारा प्रवासी आपल्याच देशातील कंपनीकडे रक्कम भरतो आणि परदेशी विमानाने येतो. त्याच्या खर्चातील मोठा भाग आफ्रिकेच्या किनाऱ्याला न लागताच परततो. कुमासीजवळच्या बोनविरे गावी हातमागावर अरुंद पट्ट्या विणून त्या जोडून ‘केंते’ वस्त्र तयार करणाऱ्या विणकराच्या वाट्याला उरलेसुरले येते. २०२४ मध्ये युनेस्कोने या कलेचा मानवजातीच्या अमूर्त वारशात समावेश केला. परंतु बाजारात त्याला कारखान्यात छापलेल्या नकली केंतेशी झुंजावे लागते. गौरवाचे पत्र मिळाले म्हणून चूल पेटत नाही.

याविरुद्ध काही आक्षेप घेतले जातात, आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. आफ्रिकेत या वस्तू नीट सांभाळल्या जातील काय, असे विचारले जाते. आपल्या संग्रहातील सुमारे २,००० वस्तू गहाळ झाल्या, चोरीस गेल्या किंवा खराब झाल्या, असे २०२३ मध्ये ब्रिटिश म्युझियमलाच मान्य करावे लागल्यानंतर हा प्रश्न निदान तेथून तरी विचारला जाऊ नये. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: परत आलेली वस्तू राजाची, सरकारची की प्रजेची? नायजेरियातील बेनिन शहराच्या राजवाड्यातून १८९७ साली लुटलेल्या पितळी शिल्पांबाबत हा वाद उभा राहिला आणि २०२३ मध्ये तेथील अध्यक्षांनी ती ‘ओबा’ म्हणजे राजाच्या मालकीची ठरवल्यावर तो अधिकच तापला. पण वारसांमध्ये वाटणीचा वाद आहे, एवढ्यावरून चोराचा हक्क सिद्ध होत नाही.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो आफ्रिकेनेच स्वतःला विचारावयाचा आहे. दाहोमेच्या राजांनी १७२७ मध्ये विदा जिंकले आणि त्या बंदरातून युद्धकैद्यांना गुलाम म्हणून विकले. त्या वैभवात माणसांच्या विक्रीचा पैसा होता. राजवाडा आणि विदाचा किनारा हे एकाच हिशेबवहीचे दोन रकाने आहेत. प्रवाशाला दोन्ही दाखवावेत आणि त्यांचा परस्परसंबंधही सांगावा. एक झाकून दुसरा मिरवणे म्हणजे वारसा नव्हे, ती जाहिरात झाली.

हा सारा प्रश्न महाराष्ट्रापासून दूरचा आहे, असे मानण्याचे कारण नाही. २०२४ च्या जुलैत साताऱ्याच्या संग्रहालयात वाघनखे आली, तीही व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधूनच, आणि तीही तीन वर्षांच्या उसनवारीवर. त्यांच्या अस्सलपणाविषयीचा वाद क्षणभर बाजूला ठेवला, तरी कुमासी आणि सातारा या दोन राजधान्या एकाच वर्षी एकाच दारात याचक म्हणून उभ्या होत्या, ही वस्तुस्थिती उरतेच. साताऱ्यात ज्यांनी रांग लावली, त्यांना कुमासीच्या रांगेतील माणसाचे मन समजावून सांगण्याची गरज पडू नये.

म्हणून पश्चिम आफ्रिकेच्या सहलीस निघणाऱ्या प्रवाशाने अवश्य जावे. मात्र दरबाराचे छायाचित्र घेऊन थांबू नये. स्थानिक माणसाला वाटाड्या म्हणून घ्यावे, कापड विणकराच्याच हातून विकत घ्यावे, आणि संग्रहालयातील प्रत्येक वस्तूखालची चिठ्ठी वाचावी. तिच्यावर ‘उसनवार’ लिहिलेले असेल, तर ती कोणाची आणि कोणाकडून उसनी आणली, हा प्रश्न मनात घेऊन परतावे. ब्रिटनने आपले दोन्ही कायदे दुरुस्त करावेत, हीच यातून निघणारी किमान मागणी आहे. घरच्या सोन्याची किल्ली परक्याच्या कमरेला राहणार असेल, तर त्या सोन्याचे दर्शन हा सन्मान नव्हे; ती जुन्या पराभवाचीच, दर तीन वर्षांनी सहीशिक्क्यासह करून घेतलेली, नवी कबुली होय.