गोडगोड प्रेमकथा पुरे!

मंडळी, हल्ली लग्नाच्या पन्नाशीला स्मरणिका काढायची टूम निघाली आहे. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो आणि आत जोडप्याची 'प्रेमकथा'. डझनभर तरी वाचल्या असतील, सगळ्या एकाच साच्यातल्या. पाहिलं, पसंत पडलं, संसार सुखाचा झाला, घरात कधी आवाज म्हणून चढला नाही. अहो, ही प्रेमकथा की सोसायटीचा वार्षिक अहवाल?

आता पाळी आमच्या घरावर आली आहे. दादा-वहिनींबद्दल लिहायचं काम अर्थातच मास्तरांकडे. पुतण्याची अट एकच, "काका, संपाचं काही नको."

संप म्हणजे मुंबईचा गिरणी संप. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि दादासारख्या हजारोंना गिरणीचं दार पुन्हा उघडलंच नाही. वहिनीने डबे करायला घेतले. बायकोच्या कमाईचा घास दादाच्या घशाखाली उतरेना. कित्येक महिने तो तिच्याशी बोलला नाही. मग एका सकाळी, न बोलताच, डबे सायकलला अडकवून पोचवायला निघाला. हे वगळून मी काय लिहू? महाबळेश्वरचा घोडा?

'घरातलं चव्हाट्यावर कशाला,' असं म्हणणाऱ्यांनी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' काढून वाचावीत. रेव्हरंड टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, त्यानंतर सुमारे पाच वर्षं दोघं वेगळी राहिली. बाईंनी ते लपवलं नाही. नवऱ्याचा तापट स्वभाव, हातात पैसा न टिकणं, सगळं लिहिलं, तेही हसत. १९३४ पासून भागाभागाने आलेल्या त्या पुस्तकाइतकी खरी प्रेमकथा मराठीत मला तरी दुसरी ठाऊक नाही. त्यात टिळकांचा मान कुठे कमी झाला?

आणि नुकसान कोणाचं होतं ते पाहा. नातवंडं ही गुळगुळीत पानं खरी मानतात. स्वतःच्या घरात आठ दिवस अबोला झाला की त्यांना वाटतं, संपलं सगळं. आजीआजोबांनी याहून मोठा अबोला काढला होता, हे त्यांना कोण सांगणार? (यूट्यूब?)

परवानगी विचारायचीच तर ज्यांनी सोसलं त्यांना विचारावी. म्हणून विचारली. दादाने पेपरात डोकं घातलं. वहिनी म्हणाली, "लिहा भावजी. आणि सायकल माझ्या डब्यांच्या पैशातून घेतलेली, तेही घाला."

तर चिरंजीव, मजकूर रविवारी देतो. संपासकट.