मूळ प्रत कोणती? : जुन्या गाड्यांचा जीर्णोद्धार आणि पाठचिकित्सा

३० ऑक्टोबर २०२३ रोजी प्रीमियर पद्मिनी ही गाडी मुंबईच्या टॅक्सीव्यवसायातून अधिकृतपणे बाद झाली. शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात टॅक्सी म्हणून नोंदली गेली होती आणि शहरातील टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षांची होती. तेव्हा ही तारीख सर्वांना आधीपासूनच ठाऊक होती. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांतून पुष्कळ हळहळ व्यक्त झाली. निदान एक तरी गाडी शासनाने जतन करावी, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने त्यापूर्वी केली होती. ती मात्र फळाला आली नाही. हळहळ खरी होती, याविषयी शंका नाही. पण समजा ती मागणी मान्य झाली असती, तर नेमकी कोणती गाडी जतन केली असती? कारखान्यातून निघाली तशी दिसणारी, नव्याने रंगवलेली गाडी. की २० वर्षे शहरात धावताना जिचा निम्मा अवयव बदलला, ती? हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नाही. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाविषयी आहे.

मराठीच्या अध्यापकांनी या विषयात का पडावे, असे कोणी म्हणेल. आमचे उत्तर साधे आहे. जुन्या गाड्यांचे शौकीन जे शब्द रोज वापरतात – मूळ, अस्सल, शुद्ध, नंतरची भर – ते सारे आपल्या पाठचिकित्सेचे शब्द आहेत. त्या शब्दांत कोणते खड्डे असतात, हे आपल्या विद्याशाखेला दीर्घ अनुभवाने माहीत झालेले आहे. तो अनुभव इथे उपयोगी पडू शकतो, आणि उलट गॅरेजातून आपल्यालाही काही शिकता येते.

आधी थोडी पार्श्वभूमी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यातून पन्नाशीच्या दशकात फियाट गाड्या निघू लागल्या. पुढचे दरवाजे उलटे उघडणाऱ्या त्यांतल्या एका गाडीला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ असे नाव दिले. १९६४ च्या सुमारास ११०० डिलाइट आली. तीच सत्तरच्या दशकात आधी ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ झाली. १०८९ सी.सी.चे इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर ही तिची ओळख. शतक उलटताना तिचे उत्पादन थांबले. कारखान्याच्या जमिनीवर आज निवासी संकुले आहेत. कुर्ल्याहून जो लालबहादूर शास्त्री मार्ग घाटकोपर, विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप करीत मुलुंडकडे जातो, त्या सबंध पट्ट्याची हीच कथा आहे. कांजूरमार्गला क्रॉम्प्टनच्या आवारातही आता उंच इमारती आहेत. कारखान्यांच्या आधाराने वाढलेली लेथवाल्यांची, डेंटर-पेंटरांची, ऑटो-इलेक्ट्रिशियनांची वस्ती मात्र गल्लीबोळांतून अजून तग धरून आहे.

कांजूरमार्गच्या अशाच एका गॅरेजात आमचे जाणे-येणे असते. तिथे दोन प्रकारच्या जुन्या गाड्या येतात. एक पद्मिनी, दुसरी क्वचित येणारी, पण आली की सगळे हात पुसून भोवती जमतात अशी जुनी बीएमडब्ल्यू. बीएमडब्ल्यूचा चेन्नईचा कारखाना २००७ साली सुरू झाला. त्यापूर्वीच्या गाड्या परदेशातून आलेल्या असत. त्यांतली शौकिनांची लाडकी म्हणजे १९८२ ते १९९४ या काळात निघालेली, ‘ई-३०’ या सांकेतिक नावाने ओळखली जाणारी थ्री सिरीज.

या दोन गाड्यांच्या दुरुस्तीत जो फरक आहे तो छापील ग्रंथ आणि मौखिक परंपरा यांच्यातील फरकासारखा आहे. बीएमडब्ल्यूच्या प्रत्येक सुट्या भागाला क्रमांक आहे. चासी क्रमांक कळवला तर गाडी कोणत्या दिवशी तयार झाली, तिचा मूळ रंग कोणता, हे म्युनिकच्या अभिलेखागारातून कळू शकते. कंपनीचा जुन्या गाड्यांसाठीचा विभाग अनेक भाग आजही पुरवतो. पैसा आणि धीर असला की मूळ संहितेपर्यंत जाता येते. पद्मिनीच्या पाठीमागे असे काहीच उरलेले नाही. तिचे अभिलेखागार म्हणजे कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावरची सुट्या भागांची दुकाने आणि साठीला टेकलेल्या मिस्त्रींची स्मरणशक्ती.

गाडी विकत घेताना करायची पारख दोन्हींकडे सारखीच असते, आणि ती हस्तलिखिताच्या पारखीहून फार वेगळी नाही. बाहेरच्या रंगावर भुलायचे नाही. खालच्या पट्ट्या, चाकांच्या कमानी, डिकीतला स्टेपनीचा खड्डा, पायांखालची रबरी चटई उचलून दिसणारा पत्रा इथे गंज शोधायचा. बोटाने ठोकून लांबी कुठे भरली आहे ते ऐकायचे. चासी आणि इंजिनाचे क्रमांक आर.सी. बुकाशी ताडून पाहायचे; गाडी आयात केलेली असेल तर सीमाशुल्काचे कागद मागायचे. कागद नसतील तर गाडी कितीही देखणी असो, सोडून द्यायची. सहा सिलिंडरची ई-३० असेल तर टायमिंगचा पट्टा कधी बदलला ते विचारायचे, कारण तो धावत्या गाडीत तुटला की व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिन उघडावे लागते. पद्मिनीत पुढच्या चाकांच्या किंगपिनचा खेळ हलवून पाहायचा. इतके झाल्यावर खर्चाचा हिशोब. १५ वर्षांनंतरच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाले, आयात गाडीसाठी ४०,०००. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील गाड्यांसाठी ते अनुक्रमे १०,००० आणि ८०,००० करण्यात आले. शौकालाही आता जमाखर्च मांडावा लागतो.

गाडी घेतली, उघडली, की खरा प्रश्न समोर येतो. पद्मिनीत डायनॅमोच्या जागी कोणी अल्टरनेटर बसवलेला असतो. टॅक्सी असेल तर सीएनजीच्या टाकीसाठी डिकीत आधार जोडलेले असतात. एखादी बुश मिळेनाशी झाली तेव्हा लेथवर पितळेची घडवून घेतलेली असते. बीएमडब्ल्यूतही हेच, फक्त प्रमाण कमी : मुंबईच्या खड्ड्यांसाठी स्प्रिंगांत अडकवलेले रबर, उन्हाळ्यासाठी जोडलेला जादा पंखा. शौकीन मालक म्हणतो, हे सारे काढून टाका, मला गाडी ‘ओरिजिनल’ हवी. मिस्त्री काढतो. काढलेले भंगारात जाते. आमच्या ओळखीचे एक मिस्त्री अशा वेळी म्हणतात, “सर, कंपनीने दिलं ते कंपनीचं. पुढची तीस वर्षं गाडी चालली ती आमच्या हातांनी. ते फेकून कसं द्यायचं?”

या वाक्यात एक पाठचिकित्सेचा सिद्धान्त दडलेला आहे, असे आम्हांला वाटते. आपल्या परंपरेत शुद्धीकरणाचे दोन नमुने आहेत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ते थोर कार्य होते. त्याविना ज्ञानेश्वरी आपल्या हाती अशा सुवाच्य रूपात आली नसती. पण त्यांनी जे पाठ बाजूला सारले ते कोणते, याची नोंद आपल्यापाशी नाही. म्हणूनच एकनाथपूर्व म्हणून राजवाड्यांनी १९०९ साली एक प्रत प्रसिद्ध केली तेव्हा एवढा वाद झाला. दुसरा नमुना पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा. १९१९ साली सुरू झालेले हे काम १९६६ साली पूर्ण झाले. बर्लिनला ल्यूडर्स यांच्या हाताखाली शिकून आलेल्या विष्णु सीताराम सुकथनकरांनी १९२५ ते १९४३ या काळात त्याचे संपादकत्व करून त्याला शिस्त घालून दिली. उपलब्ध हस्तलिखितांवरून गाठता येईल तेवढी जुनी संहिता सिद्ध करायची, तिला व्यासांची मूळ प्रत म्हणायचे नाही, आणि जे वगळले ते तळटिपांत वा परिशिष्टांत जपायचे, अशी ती शिस्त. गणपती व्यासांचा लेखक झाल्याची सर्वांना प्रिय असलेली कथा या आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही, परिशिष्टात आहे. संहितेतून ती गेली, पण नष्ट झाली नाही.

आमचे म्हणणे एवढेच की जुन्या गाडीचा जीर्णोद्धार या दुसऱ्या रीतीने व्हावा. ज्यामुळे गाडी धोक्याची होते ते अवश्य काढावे. कुजलेल्या वायरिंगला किंवा गळक्या टाकीला ‘पाठभेद’ म्हणून कवटाळण्यात अर्थ नाही. पण काढण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे, कोणी, केव्हा, कोणत्या अडचणीत हा इलाज केला ते मिस्त्रीला विचारून वहीत लिहावे, आणि लेथवर घडवलेली ती पितळी बुश डबीत घालून गाडीसोबत ठेवावी. गाडी पुढच्या मालकाकडे जाईल तेव्हा ती वही आणि डबीही जावी. ही गाडीची तळटीप.

दुर्दैवाने कायद्याचा कल पहिल्या रीतीकडे आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी नियम केले. ५० वर्षे पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात राखलेली, चासी, सांगाडा वा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी त्यांत बसते. नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती यांपलीकडे ती रस्त्यावर आणता येत नाही. नियम करावासा वाटला, हे स्वागतार्हच. पण याचा अर्थ असा की राजवाड्यात झाकून ठेवलेली गाडी वारसा ठरते आणि रोज लोकांना घेऊन धावलेली ठरत नाही. २००३ सालची शेवटची पद्मिनी वयाच्या अटीपुरतीच पाहिली तरी २०५३ साली पात्र होईल; तोवर पत्रा टिकला तरी ‘मूळ स्वरूपा’च्या अटीपाशी ती अडेल, कारण चालत राहण्यासाठीच ती बदलली. नोंद ठेवून केलेल्या दुरुस्तीला या नियमांत स्थान असावे, असे आम्हांला वाटते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की जुन्या गाड्या धूर ओकतात, त्यांचे कौतुक कशाला? आम्ही त्या टॅक्सी म्हणून परत आणा असे म्हणत नाही. वयोमर्यादेला सबळ कारणे आहेत. हजारोंतून काही थोड्या कशा जपाव्यात, एवढाच प्रश्न आहे. दुसरा आक्षेप असा की हा पैसेवाल्यांचा छंद आहे, साहित्याच्या अभ्यासकांनी त्याला तात्त्विक मुलामा देऊ नये. आक्षेपात तथ्य आहे. जुनी बीएमडब्ल्यू बाळगणे अध्यापकाच्या वेतनाचे काम नव्हे. पण छंद मालकाचा असला तरी ज्ञान मिस्त्रीचे आहे, आणि जाणार आहे ते ज्ञान. त्याची मुले त्या धंद्यात येत नाहीत, नव्या गाड्यांना संगणक लावून दोष वाचतात, आणि गॅरेजची जागा इमारतीला हवी असते.

या ज्ञानाबरोबर भाषाही जाते. मिस्त्री डिस्ट्रिब्यूटरला ‘डेल्को’ म्हणतो. एका अमेरिकी कंपनीचे नाव इथे वस्तूचेच नाव झाले. ‘स्टेपनी’ हा वेल्समधल्या लनेथ्ली गावच्या एका रस्त्याच्या नावावरून आलेला शब्द तिथे मागे पडला आणि आपल्याकडे घरोघरी रुळला. ‘डिकी’, ‘लांबी’, ‘पाना’, ‘खेळ’, ‘आटे’ अशा शब्दांचा गॅरेजातला नेमका अर्थ कोणत्या मराठी कोशात सापडतो? त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहून कारू-नारूंचे व्यवहार आणि त्यांचे शब्द नोंदवले, म्हणून ते आज आपल्याला वाचता येतात. शहराच्या कारूंचा असा ग्रंथ आपण लिहिलेला नाही.

एम.ए.च्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवे असतात. त्याच त्या कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रणावर आणखी एक प्रबंधिका लिहिण्याऐवजी कुर्ला ते मुलुंडच्या पट्ट्यातील दहा मिस्त्रींच्या मुलाखती कोणी घ्याव्यात, त्यांचे शब्द, त्यांचे इलाज, त्या इलाजांमागची कारणे लिहून काढावीत. शास्त्री मार्गावर मेट्रोचे खांब उभे राहिले आहेत. मागच्या गल्ल्यांना फार वर्षे उरलेली नाहीत. सुकथनकरांना हस्तलिखिते तरी मिळाली होती. इथे प्रती माणसांच्या रूपात आहेत, आणि त्या वयस्कर आहेत.