अण्णांची शिकवणी

आमच्या घरी पाण्याला कधी तोटा नव्हता. नळ आहे, माठ आहे, मुलांच्या हट्टापायी आणलेला फ्रीजही आहे. असे असूनही आमचे अण्णा पाण्यावाचून आजारी पडले, हे सांगताना आजही माझी मान खाली जाते.

त्याचे असे झाले. २०२३ सालच्या ऑक्टोबरात, ऐन उकाड्यात, ८२ वर्षांचे अण्णा एकाएकी भलतेच बोलू लागले. सकाळी त्यांनी मला धाकट्या काकांच्या नावाने हाक मारली. दुपारी विचारले, "शाळेची घंटा झाली का रे?" मास्तरकी सोडून त्यांना २४ वर्षे झाली होती! "वयच झाले आता," म्हणून आम्ही सुस्कारे सोडले. संध्याकाळी उठताना ते धडपडले, तेव्हा कुठे डॉक्टरांना बोलावणे गेले.

डॉक्टरांनी जीभ पाहिली, रक्तदाब निजवून आणि मग बसवून मोजला, आणि मला विचारले, "दिवसाकाठी पाणी किती पितात? लघवीचा रंग कसा असतो?" मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. रात्रभर सलाईन दिल्यावर दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला माझ्या नावाने हाक मारली.

उतारवयात तहानच मंदावते, मूत्रपिंडांना पाणी राखून धरणे पूर्वीसारखे जमत नाही, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवितात. म्हणून तहानेची वाट पाहू नये, असे डॉक्टरांनी बजावले. पेये म्हणून पुरुषांना दिवसाला सुमारे २ लिटर आणि बायकांना १.६ लिटर हवीत. त्यात चहा, ताक सारे आले. मात्र हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर डॉक्टर सांगतील तेच माप.

झाले! मी शिकवणी सुरू केली. "अण्णा, पाणी प्या." "तहान नाही." "अण्णा, घोटभर तरी." तिसऱ्या दिवशी ते कडाडले, "मी काय तुळस आहे, येताजाता पाणी घालायला?"

खरे दुखणे हिने ओळखले. ही म्हणाली, "अहो, त्यांना रात्री उठायची भीती वाटते. बोळात अंधार. दिवा लावावा तर मुलांची झोपमोड होते." मी मुकाट्याने उठलो. बोळात मंद दिवा लावला, न्हाणीघरात धरायला दांडी बसवली आणि पाण्याचे वेळापत्रक दिवसावर आणले. सकाळी गोळीबरोबर फुलपात्रभर पाणी, जेवताना ताक, दुपारी पेज नाहीतर आमसुलाचे सार. शिवाय त्यांचा स्वतःचा एक तांब्या, दिवेलागणीपर्यंत रिकामा करायचा.

हाडाचे मास्तर ते! चौथ्या दिवशी त्यांनी वही आखली आणि प्रत्येक भांड्याची नोंद सुरू केली. आता बागेतल्या बाकावर बसून इतर आजोबांची हजेरी घेतात, "सकाळपासून किती झाली?"

परवा माझ्याकडे पाहून म्हणाले, "ओठ सुकलेत तुझे. जा, आधी पाणी पी." मी निमूटपणे गेलो.

वाचकहो, यंदा फराळाच्या ताटाशेजारी वडीलधाऱ्यांसाठी पाण्याचे भांडे अवश्य ठेवा. आणि अंगणात पणत्या लावाल, तेव्हा रात्री त्यांच्या वाटेवरही एक दिवा राहू द्या.