नाक घासून कुत्रं शिकत नाही



दत्तक घेतलेलं कुत्रं रात्री घरात लघवी करत असेल, तर त्याचं नाक त्यात घासावं आणि संध्याकाळपासून पाणी बंद करावं, हा गेल्या अंकातल्या पत्रातला सल्ला मला अजिबात पटला नाही. उशिरा मिळालेल्या शिक्षेचा संबंध कुत्र्याला त्या लघवीशी जोडता येत नाही. ते फक्त माणसाला घाबरतं आणि पुढच्या वेळी सोफ्यामागे लपून करतं.

आधी पशुवैद्याकडून लघवी तपासून घ्यावी. मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर पाणी तोडणं क्रूर तर आहेच, घातकही आहे. नसबंदी झालेल्या काही माद्यांची लघवी झोपेतच गळते. त्यावर औषध मिळतं.

तब्येत ठीक असेल तर जेवण थोडं लवकर द्यावं, झोपण्याआधी बाहेर न्यावं आणि लघवी होताच तिथेच खाऊ द्यावा, घरी परतल्यावर नव्हे. सुरुवातीला त्याला आपल्याच खोलीत झोपवावं, म्हणजे चुळबुळ ऐकू येते. लहान पिल्लाला तर मध्यरात्री उठून न्यावंच लागतं. फरशी एन्झाइमच्या क्लीनरने पुसावी. फिनेलने वास आपल्यापुरता झाकला जातो, कुत्र्याला जागा कळतेच.

— एक वाचक, ठाणे