हलकं फ्लायव्हील? आपल्या रस्त्यांना नको!



होस्टेलवर मेकॅनिकलची चार टाळकी जमली की विषय दोनच, मेसची भाजी आणि गाड्या. भाजीवर आजवर भरपूर लिहून झालंय, म्हणून मी दुसऱ्या विषयाला हात घालते.

निमित्त असं झालं. आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या घरी जुनी, कार्बोरेटरवाली मारुती ८०० आहे. क्लच प्लेट संपली, त्यामुळे गिअरबॉक्स खाली उतरणारच आहे. मग लगे हाथ फ्लायव्हील लेथवर चढवून दीड-दोन किलो उतरवावं, असं त्याच्या डोक्यात आलं. ‘पिकअप एकदम भारी होतो!’ या एका वाक्यावर निम्मं होस्टेल त्याच्या बाजूने झालं. या गाडीतून त्याचे वडील आजीला मिरजेला दवाखान्यात नेतात, आणि सुट्टीत सगळं घर साताऱ्याला येतं. म्हणजे ही हौसेची गाडी नाही, घरची गाडी आहे. तेव्हा माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते : अशा गाडीला कंपनीचं मूळ फ्लायव्हीलच ठेवावं. का, ते पुढे वाचा.

आधी फ्लायव्हील करतं काय, ते बघू. फोर-स्ट्रोक इंजिनात चार स्ट्रोकपैकी कमावणारा स्ट्रोक एकच, बाकीचे तीन खाणारे! आपल्या घरातसुद्धा एकाच्या पगारावर महिना निघतो, कारण पहिल्या तारखेला आलेले पैसे कोणीतरी डब्यात जपून ठेवतं. इंजिनातला तो डबा म्हणजे फ्लायव्हील. पॉवर स्ट्रोकला ते ऊर्जा साठवतं आणि बाकीच्या वेळी परत देतं.

ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सुरुवातीला केलेल्या यंत्रांमध्ये कडबा कापायचं यंत्र होतं. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, ती आज आपल्याच सांगली जिल्ह्यात आहे. हाताने फिरवायच्या कडबा यंत्राचं मोठं चाक कोणी पाहिलं असेल तर त्याला फ्लायव्हील वेगळं शिकवायला नको. हात क्षणभर ढिला पडला तरी चाकाच्या जोरावर पातं कडब्यातून पार होतं. साताऱ्यात १९२२ मध्ये सुरू झालेल्या कूपर कारखान्यानेही डिझेल इंजिनं बनवली. विहिरीवरच्या जुन्या, संथ, एका सिलेंडरच्या इंजिनाला एवढं अवजड चाक का असायचं? कारण तिथे दोन फेऱ्यांत एकदाच धक्का मिळतो. चार सिलेंडरच्या गाडीत तो अर्ध्या फेरीला मिळतो. मारुती ८०० मध्ये सिलेंडर तीन, म्हणजे दर २४० अंशांनी एक. म्हणजे चार सिलेंडरवाल्यांपेक्षा या गाडीला फ्लायव्हीलची गरज थोडी जास्तच!

आता गणित. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, कुठल्या कॅटलॉगमधले नाहीत. समजा, फ्लायव्हील ६ किलोचं आहे, त्रिज्या १२ सेंटीमीटर. सपाट चकती मानली तर मोमेंट ऑफ इनर्शिया ०.०४३ येतो (किलोग्रॅम-मीटर वर्गात). कॉन्व्हेंटमध्ये मी हे इंग्रजीत पाठ केलं होतं. त्याला मराठीत ‘जडत्व’ म्हणतात हे ऐकल्यावर मात्र ते एकदम डोक्यात बसलं. असो. या चकतीच्या कडेजवळून, म्हणजे केंद्रापासून ११ सेंटीमीटरवरून, दीड किलो धातू काढला तर जडत्व ०.०२५ वर येतं. वजन २५ टक्के घटलं, जडत्व मात्र ४२ टक्के! कारण त्रिज्येचा वर्ग होतो.

मग पिकअप वाढतो का? वाढतो, खोटं कशाला बोला! पण कुठल्या गिअरमध्ये ते बघा. पहिल्या गिअरमध्ये एकूण रेशो १५ आणि चाकाची त्रिज्या २५ सेंटीमीटर धरली, तर ही घट गाडीतून ६५ किलो वजन उतरवल्यासारखी आहे. म्हणजे एक धडधाकट माणूस खाली उतरला. साडेसहाशे किलोच्या आसपासच्या गाडीला हे जाणवणारच. पण टॉप गिअरमध्ये एकूण रेशो ४ धरला, तर तोच फायदा येतो साडेचार-पाच किलोवर. म्हणजे माणूस नाही, त्याची पिशवी उतरली! कारण इथे गिअर रेशोचाही वर्ग होतो. आणि एक लक्षात ठेवा, हा फायदा फक्त वेग वाढत असताना मिळतो. एका वेगाने चाललेल्या गाडीला त्याचा काही उपयोग नाही. इंजिनाची ताकद एका हॉर्सपॉवरनेही वाढत नाही.

आता आपला रस्ता आठवा. सांगलीहून पेठ नाक्याला हायवेला लागलात की कऱ्हाडवरून थेट सातारा. बहुतेक सगळं अंतर टॉप गिअरमध्ये. तिथे आपण पाच किलोच्या पिशवीसाठी एवढा उद्योग करणार?

पहिला गिअर खरा लागतो तो घाटात. सप्टेंबरात कासला फुलं बघायला जाणाऱ्या गाड्यांची यवतेश्वरच्या घाटात रांग लागते, तिथे चला. पुढची गाडी दोन हात सरकते आणि थांबते. आपली चार माणसांनी भरलेली, ९०० किलोची. चढ दहा फुटांना एक फूट धरा. इंजिन १५०० आरपीएमवर नेऊन क्लच सोडला आणि आरपीएम ८०० पर्यंत उतरला, तर मूळ फ्लायव्हील सुमारे ३८० ज्यूल परत देतं, हलकं केलेलं २२०. क्लचमधला तोटा सोडून दिला तर पहिल्याच्या जोरावर गाडी ४३ सेंटीमीटर चढते, दुसऱ्याच्या जोरावर २५. म्हणजे एक हात आणि एक वीत! बाकीचं काम इंजिनाचं, हे खरं. पण गाडी बंद पडते ती याच पहिल्या हातभर अंतरात. मग ड्रायव्हर काय करतो? जास्त रेस देतो आणि क्लच घासतो. ती उष्णता जाते कुठे? फ्लायव्हीलच्याच तोंडावर. आणि तिथला उष्णता शोषणारा धातू तर आपण आधीच लेथवर उतरवलेला! नवी क्लच प्लेट पुन्हा लवकर खाली.

शिवाय गाडी जुनी. तिला ईसीयू नाही, त्यामुळे आयडलिंग डळमळलं तर सावरणारं कोणी नाही. स्क्रू फिरवून आरपीएम वाढवायचा आणि पेट्रोल जाळत बसायचं. त्यात इंजिन माउंटिंगची रबरं कडक झालेली असतील तर सिग्नलला थांबलेल्या गाडीत आजीची कवळी वाजेल.

सगळ्यात काळजीचा मुद्दा मात्र वेगळाच आहे. जुनं कास्ट आयर्न ताणाला कमकुवत. वर्षानुवर्षं क्लचने तापून तोंडावर बारीक चिरा पडलेल्या असू शकतात. अशा चकतीला लेथच्या टूलने तीक्ष्ण कोपरा पाडला तर ताण नेमका तिथेच एकवटतो. बॅलन्सिंगही पुन्हा करावंच लागतं. केंद्रापासून १० सेंटीमीटरवर फक्त १० ग्रॅमचा फरक राहिला तरी ६००० आरपीएमला जवळजवळ ४० किलोच्या वजनाइतका जोर प्रत्येक फेरीत दिशा बदलत क्रँकशाफ्टला हिसके देतो. आणि हे चाक फिरतं कुठे, तर आपल्या पायांच्या पुढेच.

हलकं फ्लायव्हील वाईटच, असं माझं म्हणणं मुळीच नाही. ट्रॅकवर, ऑटोक्रॉसमध्ये, जिथे क्षणाक्षणाला गिअर बदलतात आणि आयडलिंगची कोणाला फिकीर नसते, तिथे ते शोभतं. खाली गिअर टाकताना थ्रॉटल मारला की इंजिन पटकन जुळतं, त्यातली मजा मलाही कळते. तशी गाडी असेल तर मुळातच हलकं बनवलेलं चांगल्या स्टीलचं फ्लायव्हील घ्या, क्लच कव्हरसकट बॅलन्स करा आणि मूळचं माळ्यावर जपून ठेवा. पण रोजच्या गाड्यांची दिशा उलटी आहे. १९८५ च्या सुमारास तर दोन भागांची, मध्ये स्प्रिंग असलेली फ्लायव्हील गाड्यांत येऊ लागली, ती इंजिनाचे हिसके गिअरबॉक्सपर्यंत पोचू नयेत म्हणून.

मग गिअरबॉक्स उतरलाच आहे तर काय करावं? फ्लायव्हीलचं तोंड तपासा, चीर असेल तर बदला, नसेल तर मर्यादेत ग्राइंड करून घ्या. रिंग गिअरचे दात बघा. क्रँकचं मागचं ऑइल सील आणि रिलीज बेअरिंग याच वेळी बदला. पिकअपसाठी कार्बोरेटर, प्लग आणि टायरमधली हवा बघा. पैसे उरतील ते पेट्रोलला.

शेवटी आमच्या शिक्षकांना एक विनंती. थिअरी ऑफ मशिन्सच्या लॅबमध्ये दोरीला वजन बांधून फ्लायव्हीलचं जडत्व काढायचा प्रयोग वर्षानुवर्षं त्याच एका चाकावर चालतो आणि रीडिंग्ज जर्नलमधून जर्नलमध्ये उतरतात. यंदा त्या जागी भंगारातून आणलेली दोन-तीन खरी फ्लायव्हील लावू द्या. कुणाला लेथ सुरू करायचाच असेल तर त्याने आधी जडत्व मोजावं, आपल्या गाडीचा रेशो घालून आकडा काढावा आणि तो घरी वडिलांना दाखवावा. गाडी त्यांची आहे. त्यांनी ‘हो’ म्हटलं तर मी स्वतः लेथवर उभी राहीन.